इंजिनाचा श्वासमार्ग : थोड्या अवजारांत घरच्या घरी करावयाची जोडणी

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत हिरवळ आणि धूळ शेजारी शेजारी नांदतात. 1885 च्या सुमारास वाहू लागलेल्या नीरा डाव्या कालव्याने माळेगाव, पणदरे, सांगवीकडील जमिनी बागायती केल्या. पुढे उजनी धरणाच्या फुगवट्याने भिगवण, पळसदेवकडील भीमेच्या काठाला पाणी मिळाले. परंतु सुपे, मोरगाव, शिर्सुफळकडील माळ आणि इंदापूर तालुक्याचा मधला बराचसा भाग पावसाच्या भरवशावरच राहिला. आणि तो पाऊस तरी वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आतबाहेरचा. दिवाळी सरता सरता गाडीवाटा सुकून त्यांचे पीठ होते. नेमक्या त्याच सुमारास माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा या साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर एकामागून एक रस्त्याला लागतात. पुढच्या ट्रॉलीने उडविलेली धूळ मागच्या ट्रॅक्टरचे इंजिन हंगामभर श्वासावाटे आत ओढीत असते.

ही धूळ आत जाऊ नये म्हणून प्रत्येक इंजिनावर एअर क्लीनर बसविलेला असतो, हे आता कोणास सांगावयास नको. क्लीनरची वाटी धुवावी, तेल बदलावे, ही सवयही पुष्कळ शेतकऱ्यांना लागली आहे. तथापि असे आढळून येते की, क्लीनर वेळच्या वेळी धुतला जात असूनही एखादा ट्रॅक्टर दोनच हंगामांत निळा धूर टाकू लागतो, इंजिन ऑइल पिऊ लागतो आणि सकाळी सुरू होताना कुरकुरतो. मालक डिझेलला दोष देतो, कोणी ऑइलच्या डब्याला दोष देतो. वास्तविक दोष बहुधा क्लीनरच्या पुढे, म्हणजे क्लीनर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी नळीत किंवा तिच्या सैल क्लिपेत असतो. क्लीनर तुंबला तर इंजिन काळा धूर टाकते, ओढ कमी होते आणि मालकाला बोलावून सांगते. नळीला चीर गेली तर मात्र इंजिन काहीच बोलत नाही. उलट, हवा मोकळी मिळत असल्यामुळे ते खुशाल चालते आणि आतून झिजत राहते.

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत या झिजेचा अर्थ केवळ दुरुस्तीचा खर्च एवढाच नसतो. मालकाने कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार केलेला असतो, टोळीला उचल दिलेली असते. ऐन जानेवारीत इंजिन खोलावे लागले, म्हणजे तोडलेला ऊस फडात वाळतो, टोळी कोपीत बसून राहते आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी पंधरा-वीस रुपयांची क्लिप आठवली तरी उपयोग काय?

एवढीशी धूळ काय करणार, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून थोडा हिशेब मांडून पाहावा. दोन लिटर क्षमतेचे चार ठोक्यांचे डिझेल इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांनी चालत असता त्याचा प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा हवा भरून घेतो. याचा अर्थ मिनिटाला जवळजवळ 2000 लिटर हवा. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत हे जमेस धरले, तरी तासाला सुमारे 100 घनमीटर हवा आत जाते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा खोलीत 28 घनमीटर हवा मावते. तेव्हा ट्रॅक्टर तासाभरात अशा साडेतीन खोल्या रिकाम्या करतो. समोरचे दिसेनासे व्हावे इतकी दाट धूळ उडाली असता एका घनमीटर हवेत सुमारे एक ग्रॅम धूळ असते. म्हणजे तासाला 100 ग्रॅम, चांगली ओंजळभर माती, क्लीनरच्या तोंडाशी येते. नळीच्या चिरेतून शंभरापैकी दोन भाग हवा जरी परस्पर आत गेली, तरी तासाला दोन ग्रॅम धूळ सिलिंडरात पोहोचली. हा हिशेब अति धुळीचा आहे आणि रोजची वाट इतकी वाईट नसते, हे खरे. पण हंगाम काही एका तासाचा नसतो.

शिवाय ही धूळ मऊ नसते. आपल्या माळावर जागोजाग गारगोट्या सापडतात. त्यांचाच चुरा मुरमाच्या धुळीत असतो आणि तो सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतो. इंजिन ऑइलच्या पातळ थरात हे कण मिसळले की, व्हॉल्व्ह घासण्यासाठी मिस्त्री जो मसाला वापरतात त्याच जातीचा मसाला तयार होतो. तो प्रथम वरची रिंग आणि लायनरचा वरचा भाग खातो. रिंगांची पकड सुटली म्हणजे जळते वायू खाली ऑइलच्या टाकीत उतरतात, ऑइल वर चढून जळते आणि धूर निळा होतो. उरलेली धूळ ऑइलबरोबर फिरत बेअरिंगापर्यंत जाते.

अमेरिकेतही ही गोष्ट इंजिने बिघडल्यावरच कळली. सुरुवातीच्या कित्येक मोटारगाड्यांना व ट्रॅक्टरांना हवा गाळण्याची काहीच सोय नव्हती. 1915 साली फ्रँक डोनाल्डसन या ट्रॅक्टर विकणाऱ्या गृहस्थाला एका शेतकऱ्याचे इंजिन धुळीने निकामी झालेले दिसले आणि त्याने ट्रॅक्टरसाठी पहिला एअर क्लीनर घडविला. म्हणजे हे साधन मुळात शेतातील धुळीसाठीच जन्मास आले. आपल्याकडे विहिरींवर कूपर, किर्लोस्कर यांची ऑइल इंजिने आली, तेव्हा ती सोबत क्लीनर घेऊनच आली. मात्र पुष्कळ मळ्यांत क्लीनर फुटल्यावर त्या जागी गोणपाटाचा तुकडा बांधण्यात आला, आणि अजूनही एखाद्या जुन्या इंजिनावर तो दिसतो. गोणपाटाने पाने अडतात, कुसळे अडतात. इंजिनाला खाणारी बारीक धूळ मात्र त्याच्या विणीतून सहज निघून जाते.

हवेची वाट

ट्रॅक्टरवरील नेहमीच्या तेलाच्या क्लीनरमध्ये हवा सर्वांत वर असलेल्या टोपीतून शिरते. तेथे भुसा, पाचटाचे तुकडे आणि जाड माती बाजूला पडते. मग ती मधल्या उभ्या नळीने खाली येऊन वाटीतील तेलावर आपटते आणि एकदम वळून वर जाते. जड कण वळू शकत नाहीत, ते तेलात रुततात. हवेबरोबर उडालेले तेलाचे तुषार तारेच्या जाळीला भिजवितात आणि उरलेली धूळ त्या ओल्या जाळीला चिकटते. स्वच्छ झालेली हवा बाजूच्या तोंडातून रबरी नळीत, नळीतून मॅनिफोल्डमध्ये आणि तेथून सिलिंडरात जाते. क्लीनरच्या तोंडापासून सिलिंडरापर्यंतचा हा शेवटचा दीड-दोन हातांचा टप्पा राखणारे दुसरे काहीही नाही. त्यातील नळी इंजिनाच्या उष्णतेने कडक होते, ट्रॅक्टरच्या थरथरीने घासते आणि बहुधा खालच्या बाजूने, जेथे नजर जात नाही तेथे, वाकणाशी तडकते.

फळीची परीक्षा

चीर शोधण्यास यंत्र लागत नाही. वीतभर लांब-रुंद सपाट फळी घेऊन तिच्या एका अंगाला जुन्या ट्यूबचा तुकडा खिळ्यांनी ताणून बसवावा. ट्रॅक्टर सपाट, स्वच्छ जागी उभा करावा, गिअर न्यूट्रलमध्ये व ब्रेक लावलेला असावा. इंजिन सर्वांत कमी वेगावर ठेवून क्लीनरची वरची टोपी काढावी आणि नळीच्या तोंडावर फळी रबराच्या बाजूने दाबून धरावी. हात ठेवू नये. ओढ जोरदार असते. हवेचा मार्ग निर्दोष असेल, तर इंजिन काही क्षणांत गुदमरून बंद पडते. ते चालूच राहिले, तर हवा दुसरीकडून आत येत आहे एवढे निश्चित झाले.

मग ती कोठून येते हे एकेक पायरी पुढे जाऊन पाहावे. इंजिन बंद करून रबरी नळी क्लीनरकडील टोकाला सोडवावी, इंजिन पुन्हा कमी वेगावर सुरू करून त्या सुट्या टोकावर फळी धरावी. आता इंजिन बंद पडले, तर नळी व मॅनिफोल्ड चांगले असून दोष क्लीनरच्या अंगात, बहुधा वाटीच्या पॅकिंगमध्ये किंवा पत्र्याच्या सांध्यात आहे. आताही चालू राहिले, तर दोष नळीत, तिच्या इंजिनाकडील क्लिपेत किंवा मॅनिफोल्डच्या पॅकिंगमध्ये समजावा. हे काम झटपट उरकावे, कारण त्या अवधीत इंजिन न गाळलेली हवा घेत असते.

ज्या ट्रॅक्टरांना कागदी फिल्टर आहे किंवा ज्यांच्या इंजिनावर टर्बोचार्जर आहे, त्यांच्यावर हा प्रयोग करू नये. जोराच्या ओढीने कागद चेपतो आणि टर्बोच्या सीलमधून ऑइल ओढले जाते. तेथे दुसरा उपाय करावा : नळी सोडवून तिच्या आत पांढरी कोरडी चिंधी फिरवावी. फिल्टरच्या पुढची नळी आतून स्वच्छ असली पाहिजे. चिंधीवर तपकिरी धूळ आली, तर धूळ आत जात आहे. पुष्कळदा आतल्या बाजूस धुळीची एक बारीक रेघ दिसते. ती जेथून सुरू होते तेथेच फट असते. सांध्यांवर पेट्रोल किंवा इंजिन सुरू करण्याचा फवारा मारून चीर शोधण्याची रीत काही जण सांगतात. डिझेल इंजिनावर ती अजिबात वापरू नये. असे इंधन हवेबरोबर आत गेले, तर इंजिन वेळेआधी भडकते, आणि गरम सायलेन्सरजवळ आग लागण्याचे भय असतेच.

नळी बदलणे

या कामास 10 ते 17 मिलिमीटरपर्यंतचे पाने, एक पेचकस, एक पक्कड, पोलादी तारांचा ब्रश, काचकागद, दोन स्वच्छ घमेली आणि पुरेशा सुती चिंध्या एवढे सामान पुरते. यांपैकी बहुतेक वस्तू घरात असतात. काम मात्र खळ्यात किंवा वाऱ्याच्या तोंडाला करू नये. गोठ्याची शिंपडलेली जमीन किंवा झाडाखालची ओली केलेली जागा उत्तम. इंजिन पूर्ण थंड झालेले असावे.

प्रथम क्लीनर, नळी आणि क्लिपा यांच्यावरची सगळी माती ब्रशाने झाडून ओल्या चिंधीने पुसावी. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून वगळला जातो, आणि मग नळी ओढताना वरची माती थेट मॅनिफोल्डच्या उघड्या तोंडात पडते. हंगामभरात जेवढी धूळ गेली नसती तेवढी अशा एका क्षणात जाते. क्लिपा ढिल्या करून नळी आधी क्लीनरकडून व मग इंजिनाकडून सोडवावी. नळी चिकटून बसली असेल, तर पेचकसाने उचकटू नये, पत्र्याच्या तोंडाला खाच पडते. ती निकामीच असेल तर चाकूने लांबीत चिरून काढावी. तोंड उघडे पडताच त्यात एक मोठी, रंगीत, सुते न सुटणारी चिंधी बसवावी आणि तिचे टोक ठळकपणे बाहेर लोंबते ठेवावे. लहान बोळा कोंबला तर तो आत विसरला जातो, किंवा इंजिन फिरताच ओढला जातो. सुटे नट-वॉशर त्या तोंडावर ठेवू नयेत. एका घमेल्यात ठेवावेत.

नवी नळी जुन्या नळीच्या मापाचीच आणावी, आणि दुकानात जाताना जुनी नळी बरोबर न्यावी. आतला व्यास, लांबी आणि वाकण ही तिन्ही जुळली पाहिजेत. येथे एक सवय स्पष्टपणे निषेधार्ह म्हणावी लागते. पाइपलाइनच्या दुकानात मिळणारी पातळ, मऊ नळी स्वस्त पडते म्हणून बसविली जाते. इंजिनाने ओढ घेताच अशी नळी आतल्या आत चपटी होते, हवा कमी पडते आणि काळा धूर येतो. इंजिन बंद करून पाहावे तो नळी पुन्हा गोल झालेली दिसते, आणि मिस्त्रीलाही दोष सापडत नाही. इंजिनाच्या हवेच्या नळीत आतून कापडाचे किंवा तारेचे पाठबळ असते, ते यासाठीच. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळण्याची युक्तीही सर्वत्र प्रचलित आहे. फडातून घरापर्यंत येण्यापुरती ती ठीक आहे. त्यापुढे एक खेपही तिच्या भरवशावर करू नये.

पत्र्याच्या दोन्ही तोंडांवरचा गंज आणि सुटा रंग काचकागदाने काढून पुसून घ्यावा. नळी चढत नसेल, तर तिचे टोक कढत पाण्यात दोन-चार मिनिटे धरावे, किंवा आतून साबणाचे पाणी लावावे. ग्रीस किंवा ऑइल लावू नये. त्याने रबर फुगते, नळी पुढे घसरून निघते, आणि धूळ चिकटते ती निराळीच. क्लिपा आधी नळीवर ओवून ठेवाव्यात. नाहीतर सगळे बसविल्यावर पुन्हा काढावे लागते, आणि हा अनुभव बहुतेकांना एकदा येतोच. पत्र्याच्या तोंडाला उचललेली कड असते, तिच्या पलीकडे नळी किमान दोन बोटे चढली पाहिजे. क्लिप त्या कडेच्या मागे, पण नळीच्या टोकापासून अर्धे पेर आत बसवावी. अगदी टोकावर बसविलेली क्लिप निसटते, कडेवर बसविलेली तिरपी होते. तारेने आवळलेली नळी दिसण्यास घट्ट दिसते. परंतु तार दोन ठिकाणी रुतते आणि मधे फट ठेवते. म्हणून पेचाच्या रुंद पट्टीच्याच क्लिपा घ्याव्यात. नळीचे रबर पट्टीच्या खाचांतून बाहेर येऊ लागेपर्यंत आवळणे हीही चूकच. नळी सायलेन्सरला किंवा पंख्याच्या पट्ट्याला टेकत नाही ना, हे इंजिन सुरू करण्यापूर्वी हात घालून पाहावे.

दोष मॅनिफोल्डच्या पॅकिंगमध्ये निघाला आणि तयार पॅकिंग मिळण्यास दोन दिवस लागणार असतील, तर पॅकिंगच्या कागदातून ती घरी कापता येते. मॅनिफोल्ड सोडवून तोंडे झाकावीत, दोन्ही बाजूंची जुनी पॅकिंग खरवडून काढावी. कागद मॅनिफोल्डच्या तोंडावर धरून गोल डोक्याच्या लहान हातोडीने कडांवर हलकेच ठोकीत जावे, म्हणजे आकार आपोआप उमटतो. हे ठोकणे इंजिनावर न करता सुट्या मॅनिफोल्डवरच करावे, म्हणजे कागदाचे कपटे आत जात नाहीत. भोके मॅनिफोल्डच्या तोंडापेक्षा लहान राहू देऊ नयेत. बसविताना नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूकडे, थोडे थोडे करून, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. काही इंजिनांत हवेचा व धुराचा मॅनिफोल्ड एकाच पॅकिंगवर असतात. तेथे कागद जळून जातो. तेव्हा कंपनीचीच पॅकिंग हवी.

शेवटी रंगीत चिंधी काढावी. तोंडात बोट फिरवून आत काही राहिले नाही याची खात्री करूनच नळी जोडावी आणि फळीची परीक्षा पुन्हा घ्यावी.

वाटी आणि तेल

तेलाच्या क्लीनरबद्दल येथे थोडक्यातच सांगितले तरी पुरे. ऊसवाहतूक, मळणी आणि उन्हाळ्यातील रोटाव्हेटर या कामांत वाटी रोज उघडून पाहावी. तळाशी बोटाच्या पेराच्या निम्म्याइतका गाळ साचला किंवा तेल चिकट झाले, की तेल बदलावे. ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेल्या तासांची वाट पाहत बसू नये. इंजिन बंद केल्यावर पाव तास थांबावे, म्हणजे जाळीतील तेल खाली उतरते. वाटी व जाळी डिझेलमध्ये धुवावी, जाळी निथळू द्यावी. पेट्रोलने धुणे धोक्याचे आहे. तेल इंजिनात वापरतो त्याच प्रतीचे आणि नवे असावे. इंजिनातून काढलेले काळे तेल वाटीत भरण्याने पैसे वाचतात असे वाटते, पण धुळीने भरलेल्या तेलाने धूळ पकडण्याचा तो प्रकार आहे.

तेलाची पातळी वाटीवरील खुणेपर्यंतच हवी. कमी तेलाने जाळी कोरडी राहते. जास्त तेलाने याहून भयंकर संकट ओढवू शकते : तेल हवेबरोबर सिलिंडरात ओढले जाते, इंजिन त्या तेलावरच भरधाव सुटते आणि डिझेल बंद केले तरी थांबत नाही. अशा वेळी घाबरून पाने शोधीत बसू नये. तीच फळी हवेच्या तोंडावर दाबून धरावी. हवा तुटली की इंजिन थांबते. अर्थात नळी फुटकी असेल, तर हाही उपाय हातचा गेला.

कागदी फिल्टर असलेल्या नव्या ट्रॅक्टरांत खालच्या टोकाला एक रबरी झडप असते. ती रोज बोटांनी दाबून साचलेली धूळ पाडावी. बाहेरचा फिल्टर टायरवर आपटून झाडण्याची रीत फार पसरली आहे. त्याने कागदाला भेगा पडतात आणि टोकाची रबरी कड वाकडी होते. साफ करणे भागच असेल, तर पंपाची हवा कमी दाबाने आतून बाहेर सोडावी, मग फिल्टरच्या आत विजेरी धरून अंधारात पाहावे. सुईच्या टोकाएवढा जरी प्रकाशाचा ठिपका दिसला, तरी तो फिल्टर टाकून द्यावा. आतला लहान फिल्टर साफ करावयाचा नसतो, बदलावयाचाच असतो.

जीप आणि पिकअप

भाजीपाला, डाळिंबे आणि दूध यांच्या वाहतुकीसाठी गावोगाव पिकअप आणि जीपगाड्या झाल्या आहेत. तरुण मंडळींत गाडीचा मूळ हवेचा डबा काढून त्या जागी चकाकणारी नळी आणि उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर बसविण्याची हौस दिसते. हे काम पाने-पेचकसावर दोन तासांत होते आणि इंजिनाचा आवाजही भारदस्त होतो. परंतु या भागाच्या धुळीत त्याची शिफारस करता येत नाही. मूळ डबा बॉनेटच्या बाहेरची थंड हवा घेतो, उघडा फिल्टर इंजिनाजवळची गरम हवा घेतो. गरम हवा विरळ असते, त्यामुळे शक्ती वाढण्याऐवजी घटण्याचाच संभव. तेल लावलेल्या कापडी फिल्टरातून तेल उडाले, तर नळीत हवा मोजणारी नाजूक तार असते ती माखते आणि गाडीचा संगणक डिझेलचे माप चुकवितो. नळीचे तोंड खाली बंपरजवळ नेले असेल, तर कऱ्हेच्या एखाद्या भरलेल्या ओढ्यातून जाताना पाणी ओढले जाते. पाणी दाबले जात नाही. दट्ट्या वर येता येता कनेक्टिंग रॉड वाकतो.

ज्यांनी अशी जोडणी आधीच केलेली आहे, त्यांनी निदान मूळ डबा जपून ठेवावा आणि हंगामापूर्वी परत बसवावा. बसविण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडावी आणि हवा मोजणाऱ्या भागाला बोट लावू नये. डब्याच्या झाकणाच्या सगळ्या क्लिपा लागल्या पाहिजेत. एक क्लिप तुटली म्हणून सोडून दिली की झाकण तेवढ्या कोपऱ्यात उचलते, आणि ट्रॅक्टरच्या नळीची सगळी कथा येथेही सुरू होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गाळप सुरू होण्यापूर्वी, नवरात्राच्या सुमारास, गावातील पाच-दहा ट्रॅक्टरमालकांना एका ठिकाणी बोलावून फळीची परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी. तोंडी सांगण्याचा फारसा परिणाम होत नाही. फळी दाबूनही इंजिन चालूच राहिलेले स्वतः पाहिले, म्हणजे मालक त्याच दिवशी नळी आणावयास जातो. नव्या नळीचे रबर पहिल्या आठ-दहा तासांत गरम होऊन थोडे बसते. म्हणून पहिली खेप संपल्यावर, इंजिन निवाल्यावर, दोन्ही क्लिपा पेचकसाने अर्धा फेरा आवळून पाहाव्यात आणि नळी बदलल्याचा दिवस व मीटरवरचे तास मडगार्डच्या आतल्या बाजूस रंगाने लिहून ठेवावेत.